शटरचा रिमोट आणि कानबाईचा रोट

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं म्हणतात. कौतिकराव पाटलांकडे हे घोडं व्याह्याने नव्हे, सख्ख्या मेहुण्याने धाडलं. प्रमिलाबाईंचा भाऊ जीवराम मस्कतला एका एअरकंडिशनवाल्या कंपनीत होता. अधूनमधून तो जळगावला यायचा आणि येताना बहिणीच्या घरात जिची काडीची गरज नाही अशी एक वस्तू हमखास आणायचा. एकदा पाव भाजायचं यंत्र आणलं. त्यात कळण्याची भाकरी मावत नाही हे कळल्यावर ते कपाटावर गेलं. एकदा गालिचा आणला. तो हॉलमध्ये अंथरला आणि त्या दिवसापासून हॉलमध्ये पाय ठेवायची माणसांना चोरी झाली. शहाण्णव सालच्या होळीला त्याने आणली गॅरेजचं दार उघडणारी मोटर, आणि तिच्यासोबत साबणाच्या वडीएवढा, काळा, एका बटणाचा रिमोट.

कौतिकराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कालव्यांचे कागद सांभाळून त्यांनी रिंग रोडमागच्या कॉलनीत घर बांधलं होतं आणि पांढरी मारुती घेतली होती. पुढे मागे वर मजला चढवू या आशेने खाली गॅरेज लांबलचक ठेवलं. मजला काही चढला नाही, गॅरेज तेवढं उरलं. दार हाताने उघडत होतं आणि हाताने बंद होत होतं. कौतिकरावांचे हातही ठणठणीत होते. पण मेहुण्याच्या भेटवस्तूला नाही म्हणणं म्हणजे बायकोच्या माहेराला नाही म्हणणं, आणि तेवढी छाती ज्याची असते तो मनुष्य हेडक्लार्क राहत नाही.

मोटर बसली. वर लोखंडी पट्टी, पट्टीवरून सरकणारं एक चाक, चाकाला जोडलेलं दार. चाकाला एक लाल दोरी लोंबकळत होती. "लाईट गेली की ही दोरी ओढायची. दार सुटतं, मग हाताने उचला," असं जीवरामने सांगितलं. ते खरं तर शटर नव्हतं, अख्खं पत्र्याचं दार वर सरकून छताला लागायचं. पण जळगावात वर जाणाऱ्या प्रत्येक दाराला शटरच म्हणतात आणि शटर दिसलं की आत दुकान आहे असं धरून चालतात. पंधरवड्यात घरपट्टीवाला दारात हजर. "गाळा कशाचा काढला, पाटीलसाहेब?" कौतिकरावांनी मारुती दाखवली. तो म्हणाला, "ही तर गाडी आहे. माल कुठे आहे?" त्याला चहा पाजून, शटर खालीवर करून दाखवून, हे राहतं घर आहे असं पटवेपर्यंत दुपार गेली. पुढच्या महिन्यात वीज कचेरीतला माणूस आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की पाटलांनी गिरणी टाकली. मोटर आहे म्हटल्यावर दळण असणारच, ही त्याची खात्री. त्याने गॅरेजभर पीठ शोधलं. सरकारी नोकरीत एवढी वर्षं काढलेल्या माणसाकडे सरकारी माणसाने असं संशयाने बघावं, हे कौतिकरावांच्या फार जिव्हारी लागलं.

पण हे सगळे बाहेरचे ताप होते. खरा ताप काळ्या डबीचा. ती ठेवायची कुठे?

जीवरामचं म्हणणं, गाडीची वस्तू गाडीत. रिमोटला मागे एक चिमटा होता. ड्रायव्हरच्या डोक्यावर ऊन अडवायला जी फळी असते तिला तो लावायचा, सगळं मस्कत तसंच करतं. कौतिकरावांनी लावला. आता मस्कतला घरांची तोंडं कुठे असतात देव जाणे, पण कौतिकरावांचं घर पूर्वेला तोंड करून होतं. सकाळी ऑफिसला निघताना गाडी मागे घेतली, गाडीचं तोंड वळवायच्या आधी सूर्य आरशातून थेट डोळ्यात. कौतिकरावांनी फळी खाली ओढली. अंगठा बटणावर. शटर खाली आलं आणि मारुतीच्या नाकावर बसलं. आतून कौतिकराव हॉर्न वाजवू लागले, जसा काही शटरला हॉर्न ऐकू येतो.

समोरच्या घरातून धनसिंगभाऊ राजपूत आले. एस.टी.च्या डेपोतून निवृत्त झालेला माणूस. गाडी या विषयावर आपल्याला न विचारता कॉलनीत कोणी चाकात हवासुद्धा भरू नये, असं त्यांचं मत होतं. त्यांनी बॉनेटवरचा पोचा बोटाने चाचपला.

"साहेब, वस्तू डोक्यावर ठेवली की डोक्यावर बसते. ती देवापुढे ठेवा."

मारुतीच्या डॅशबोर्डवर पाटलांच्या घरच्या देवीची, कानबाईची, लहानशी तसबीर होती. तिच्या पायाशी रिमोट ठेवला. प्रमिलाबाईंना हे पटलं. दर शुक्रवारी तसबिरीला कुंकू लागे, आता शेजारी रिमोटलाही लागू लागलं. देवापुढची वस्तू कोरडी कशी ठेवायची? वैशाखात कुंकू बटणाच्या फटीत उतरलं. मग ऑफिसबाहेर उन्हात गाडी उभी राहिली आणि डबीचं प्लास्टिक असं मऊ पडलं की बटण दाबलं की आत जाई आणि परत यायचं विसरून जाई. एका दुपारी शटर वर-खाली, वर-खाली करत राहिलं. रस्त्याने जाणारे लोक सायकली थांबवून बघत होते आणि कौतिकराव रिमोट हातावर आपटत अंगणात उभे होते. त्यांच्या साऱ्या जन्माची प्रतिष्ठा त्या दिवशी फाटकाबाहेर गोळा झालेल्या लोकांच्या तोंडावर होती, आणि ते लोक हसत होते.

नंतर रिमोट खणात गेला. खणात गाडीचे कागद, सुपारीची डबी, प्रमिलाबाईंची दुखऱ्या गुडघ्याची मलमं. घरी येताना एका हाताने स्टेअरिंग, दुसऱ्या हाताने खण चाचपायचा, मागे रिक्षांचे हॉर्न. हाती यायचं ते मलम. मग सीटखाली ठेवला. प्रमिलाबाई बसल्या की शटर उघडे, त्या उठल्या की बंद होई. हे कौतिकरावांनी एकदाच बोलून दाखवलं. दोन दिवस जेवणात मीठ नव्हतं.

शेवटी त्यांना जागा सापडली, आणि ती त्यांनी कोणाला न विचारता स्वतः शोधली, याचा त्यांना फार अभिमान होता. गाडीत विडीसिगारेटची राख टाकायला मधोमध एक लहानसा खण होता. कौतिकरावांनी जन्मात विडी ओढली नव्हती. तो खण नवाकोरा होता. रिमोट त्यात असा बसला की जणू मापाचा बनवला होता. बाहेरून दिसत नाही, उन्हात तापत नाही, कोणी बसलं उठलं तरी दबत नाही. कौतिकराव धनसिंगभाऊंकडे मुद्दाम जाऊन सांगून आले. धनसिंगभाऊ म्हणाले, "बघू किती दिवस टिकतं ते." शेजाऱ्याचं समाधान झालं तर जगाचं कसं चालेल, म्हणून शेजारी असं बोलतात.

आषाढ सरता सरता कौतिकराव एका कामासाठी गावी गेले, अमळनेरजवळच्या आपल्या खेड्यात. काम मोठं होतं आणि त्यांनी ते बरीच वर्षं मनात ठेवलं होतं. त्यांना कानबाई जळगावला आणायची होती.

पाटलांची कानबाई पिढ्यान् पिढ्या गावच्या घरी बसायची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिची स्थापना, सोमवारी विसर्जन. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीमुठीने गहू घेऊन दळायचे. त्या पिठाचा जो स्वयंपाक होतो तो रोट. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. परक्याला त्यातला कण द्यायचा नाही, दिलेल्या लेकीलाही नाही. फेकायचा नाही, उरवायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा. ज्यांचा रोट एक, ते एका घरचे. शेत वाटलं, बैल वाटले, घरात भिंत घातली तरी चालतं. रोट वेगळा झाला की मात्र भाऊ वेगळे झाले असं सगळा गाव धरून चालतो.

थोरले चुडामणनाना शेतावर राबले म्हणून कौतिक शिकला, हे कौतिकरावांना कोणी सांगायची गरज नव्हती. नानांनी कधी सांगितलंही नव्हतं, आणि तेच जड जायचं. नाना आजवर जळगावच्या घरी राहायला आले नव्हते. आले की ओट्यावर बसायचे, पाणी प्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. एकदा, फक्त एकदा, कानबाई आपल्या घरी बसावी, नानांनी आपल्या घरात मांडी घालून जेवावं, एवढीच कौतिकरावांची इच्छा होती. रिमोट ठेवायला जागा शोधून दमलेल्या त्या माणसाला आपलं घर दाखवायला एक सख्खा भाऊ हवा होता.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आन बरं. पन रोट एकच ऱ्हाई. तो तोडाना नही."

"नाना, असं कसं तोडेन मी?" कौतिकराव म्हणाले. नानांशी ते शहरी मराठीत बोलत. ऑफिसची सवय, दुसरं काय.

घरी आल्यावर प्रमिलाबाईंनी एकच प्रश्न विचारला. "बसवायचं कुठे त्यांना?"

हॉल होता. पण हॉलमध्ये गालिचा होता, गालिच्यावर सोफा होता. चाळीस माणसं, चिखलाचे पाय, कढई, पुरण, कटाची आमटी. प्रमिलाबाईंनी गालिच्याकडे पाहिलं, कौतिकरावांनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं, आणि दोघांनीही जे ठरवलं ते मोठ्याने बोलायची गरज पडली नाही. गॅरेज लांबलचक आहे. धुऊन घेऊ, रांगोळी काढू, केळीचे खांब लावू. मारुती बाहेर कडुनिंबाखाली उभी करू. कोणाला काय कळणार!

रविवारी सकाळी गावाहून आलेल्या एका टेम्पोतून भाऊबंद उतरले. नानांच्या मंडळी भिकुबाई आधी हॉलच्या पायरीशी आल्या. आत डोकावून त्यांनी गालिचा पाहिला, मग गॅरेजमधला चौरंग पाहिला.

"कानबाईले मोटरना घरमा बसाडेल शे का वं, प्रमिला?"

"अक्का, तिथे गारवा आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आणि जागा ऐसपैस."

"हां. गारवा शे," भिकुबाई म्हणाल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या. त्या आणखी काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं कौतिकरावांना वाटून गेलं.

कानबाई बसली. नारळ, वर मुखवटा, नथ, हिरवं लुगडं, दोन्ही बाजूंनी केळी. देवीच्या वर पाटलांच्या घरी फुलोरा टांगतात. लाकडी चौकट, तिला करंज्या, पापड्या, वेण्या, साटोऱ्या लोंबवलेल्या. गॅरेजच्या छताला कडी नव्हती. पण देवीच्या बरोबर डोक्यावर एक लाल दोरी आयतीच लोंबकळत होती. बायकांना लाल दोरी म्हणजे साक्षात शुभशकुन. त्यांनी फुलोरा तिला बांधला. कौतिकरावांनी वर पाहिलं, त्यांना फुलोरा फार शोभिवंत वाटला, आणि त्यांनी मान डोलावली. या एका मान डोलावण्याची त्यांना पुढे कितीदा आठवण झाली असेल!

जीवराम सुट्टीवर आलेलाच होता. बहिणीच्या घरी कानबाई म्हणून पाया पडायला आला. तो परक्या घरचा, त्याला रोट चालणार नव्हता. हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या घरीही कानबाई होती. त्याच्यासाठी वेगळ्या पिठाचं वेगळं जेवण हॉलमध्ये लागणार होतं. आरती झाली. ताटं वाढून झाली. नैवेद्य दाखवायचा तेवढा राहिला. नाना चौरंगाशी बसले होते, अंगात नवा पांढरा सदरा, कपाळाला भंडारा. कौतिकरावांना भरून आलं. आपल्या घरात आपला थोरला भाऊ मांडी घालून बसला आहे, हे ते डोळे भरून बघत होते. गॅरेज असलं म्हणून काय झालं, घर आपलंच होतं.

नाना म्हणाले, "कौतिक, पाव्हनाले पहिले जेवाडी ये. मंग आपन बठूत."

पाहुण्याला आधी जेवू घालायचं ही नानांची रीत. प्रमिलाबाई भावाचं ताट घेऊन आधीच हॉलमध्ये गेल्या होत्या, मागोमाग कौतिकराव बाहेर आले. जीवराम हॉलमध्ये नव्हता. देवीपुढे सिगारेट कशी ओढायची, म्हणून बिचारा मारुतीत जाऊन बसला होता. त्याने सिगारेट शिलगावली, राख झाली, ती टाकायला त्याने मधला खण ओढला. खणात त्याने मस्कतहून आणलेला रिमोट होता.

आता हे जीवरामला लागलं. लागणारच. बहिणीसाठी हौसेने आणलेली वस्तू बहिणीच्या नवऱ्याने राख टाकायच्या भोकात कोंबून ठेवली होती. त्याने ती बाहेर काढली, खमिसाला पुसली. कुंकवाचे डाग, वाकडं झालेलं बटण. जिवंत तरी आहे की मारून टाकली, म्हणून त्याने बटण दाबलं.

कौतिकराव अंगणाच्या मधोमध होते. मागे आवाज झाला म्हणून वळले. शटर खाली येत होतं. आणि वरच्या पट्टीवरचं चाक दाराबरोबर पुढे सरकत होतं, चाकाची लाल दोरी पुढे सरकत होती, आणि दोरीला बांधलेला फुलोरा देवीला सोडून, करंज्यापापड्या हलवत, चाळीस माणसांच्या डोक्यावरून शांतपणे दाराकडे निघाला होता.

आत बायकांनी किंकाळी फोडली. "माय चालनी वं! माय चालनी!"

कानबाई घर सोडून निघाली आहे, असाच त्याचा अर्थ होत होता, दुसरा कुठला होणार? फुलोरा दारापर्यंत आला, शटर जमिनीला टेकलं, आणि त्याच क्षणी कॉलनीची लाईट गेली.

पुढची सगळी गोष्ट पत्र्याच्या अलीकडून आणि पलीकडून घडली.

"जीवराम, उघड!" कौतिकराव ओरडले. जीवराम रिमोट दाबत राहिला. मस्कतला लाईट जात नाही, त्यामुळे त्याला आधी हे समजेचना. मग समजलं. तो शटरला तोंड लावून ओरडला, "नाना, वरची लाल दोरी ओढा! जोरात ओढा, दार सुटेल!"

मग नानांचा आवाज आला. "त्या दोरीले फुलोरा बांधेल शे. कानबाईना फुलोरा मी वढू? मना बापनी कधी वढा नही."

फुलोरा विसर्जनाआधी हलवायचा नाही, हे कौतिकरावांनाही ठाऊक होतं. तो स्वतःहून हलला ती गोष्ट वेगळी, ती देवीची मर्जी. माणसाने हात लावायचा नाही. आत दुसरा दरवाजा नव्हता, वर दोन झरोके तेवढे होते. फाटकाशी माणसं जमू लागली. वीज कचेरीला फोन लावला तर तो उचलणाऱ्या माणसाने विचारलं, "गिरणीवाले पाटील का?" कौतिकरावांनी फोन ठेवून दिला.

आत लहान पोरं रडायला लागली. उकडत असणार. ताटं वाढलेली, पुरण निवत चाललेलं. नानांनी दोन-तीनदा "लाईट उनी का?" असं विचारलं.

धनसिंगभाऊ एव्हाना घरून पहार घेऊन आले होते. "साहेब, बाजूला व्हा. खालून पहार घालतो, दोघांनी रेटली की चाक निसटेल. दोन मिनिटांचं काम." त्यांनी पहार शटरखाली घातली. पत्रा कुरकुरला.

"थांबा! थांबा, धनसिंगभाऊ!" कौतिकराव ओरडले. "पत्रा वाकेल! मोटर जाईल! थोडा धीर धरा, लाईट येईलच."

धनसिंगभाऊंनी पहार काढून घेतली. त्यांनी कौतिकरावांकडे पाहिलं, मग शटरकडे पाहिलं. आतला सगळा गलका थांबला होता. पत्रा तो किती जाड असणार! एका बाजूला नवरा बायकोशी कुजबुजला तरी दुसऱ्या बाजूला ऐकू येतं, इथे तर ते ओरडले होते. बोललेलं परत घेता आलं असतं तर कौतिकरावांनी स्वतःच्या हाताने पहार मारली असती. पण त्यांना ते लगेच सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा फार उशीर झाला होता.

आतून नाना बोलले, आवाज जराही न चढवता. "ऱ्हाऊ दे, धनसिंगभाऊ. त्याना पत्रा वाकी जाई." मग थोड्या वेळाने, "कौतिक, निवद थंडा व्हई राहिना. पोरे भूक्या शेतस. आम्ही बठतस. तू भाईरथूनच हात जोड."

"नाना," कौतिकराव म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडातून गावची बोली निघाली. "नाना, थांबी जाय ना. मी येस. मना बिगर बठू नको."

घंटी वाजली. "कानबाई मायनी जय" असा गजर झाला. मग जेवणाचे आवाज, पाण्याचे गडवे, कोणीतरी पोळी मागितली, भिकुबाई कोणाला तरी "आखो ले, आखो ले" म्हणून आग्रह करत होत्या. कौतिकराव पत्र्याशी उभे होते. त्यांच्या स्वतःच्या घरात त्यांची सगळी भावकी जेवत होती आणि घरधनी अंगणात उभा राहून ऐकत होता. जीवरामने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी झटकला. धनसिंगभाऊ पहार घेऊन घरी निघून गेले, आणि त्या दिवसानंतर त्यांनी कौतिकरावांना गाडीबद्दल एकही सल्ला दिला नाही.

लाईट आली तेव्हा शटर आपसूक वर गेलं नाही. जीवरामला बटण दाबावं लागलं. फुलोरा माघारी देवीच्या डोक्यावर जाऊन थांबला, जसा काही कुठे गेलाच नव्हता. माणसं आंचवून बसली होती. ताटं चकाचक होती, एकात कण नव्हता.

कौतिकरावांनी चौरंगापाशी पाहिलं. त्यांचं ताट पालथं घातलेलं होतं.

"तुना वाटाना रोट बी आम्ही खाई लिधा," नाना म्हणाले. "उरू दी चालत नही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कौतिकरावांनी पाय धरले असते. "आते पुढला साले तू तुना मांड, मी मना मांडसू. घर मोठं शे तुनं. आमले काय, कोठे बी बठतस."

भिकुबाई ताटं गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. प्रमिलाबाई हॉलच्या दारात उभ्या होत्या. "नाना, आत तरी या. हॉलमध्ये बसा, चहा घ्या," त्या म्हणाल्या, आणि ते बोलताना त्या रडत होत्या. नानांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, "पाय खराब शेतस, पोरी," म्हणाले आणि ओट्यावर बसले.

सोमवारी कानबाई मेहरुणच्या तळ्यात विसर्जित झाली आणि टेम्पो गावी गेला.

त्यानंतर कौतिकरावांनी मोटर काढून टाकली, शटर पुन्हा हाताने उघडू लागलं. जीवराम पुढल्या सुट्टीत आलाच नाही. वर्ष गेलं, पुन्हा श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कौतिकरावांनी हॉलमधला गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला आणि गालिच्याच्या जागी कानबाई मांडली. मुलगी लग्न होऊन नाशिकला. मुलगा नाही. घरात पुरुष एकच. त्याच्या नावाचे गहू, देवीच्या नावाचे गहू. बायका मिळून दळतात ते पीठ प्रमिलाबाईंनी एकटीने दळलं. दोन माणसांना किती जाणार! पुरणाची चव पहिल्या दिवशी लागते, चौथ्या दिवशी त्या पोळीला फक्त चावावं लागतं. धनसिंगभाऊंच्या घरच्या बाई दारावरून जाताना "वास छान सुटलाय हो" म्हणाल्या, त्यांना तुकडा देता आला नाही. ऑफिसात डबा उघडला की सगळे माना वळवायचे. कौतिकरावांनी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली आणि डब्यावर हात धरून खाल्लं. एवढी वर्षं एकमेकांच्या डब्यातलं खाणारी माणसं. त्यांना वाटलं, साहेब रागावलेत.

पौर्णिमेला दीड पोळी उरली होती. प्रमिलाबाईंना ती जाईना. कौतिकरावांनी ती फडक्यात बांधली आणि मारुती काढून गावी गेले. का गेले ते त्यांना सांगता आलं नसतं. पौर्णिमेला जेवायला दोघे भाऊ एका पंगतीला बसले आणि नानांनी न विचारता फडकं उघडलं, असं काहीतरी गाडी चालवताना त्यांच्या डोळ्यांसमोर येत होतं.

नाना ओट्यावर होते. "ये," म्हणाले. भिकुबाईंनी पाणी आणलं. पावसाची चौकशी झाली, कपाशीची झाली. मग भिकुबाईंनी विचारलं, "काय शे रे भाऊ, फडकामा?"

कौतिकरावांनी फडकं सोडलं. नानांनी पोळीकडे बघितलं, भावाकडे बघितलं. त्यांचा हात थोडा पुढे आलासा वाटला, पण तो गुडघ्यावर जाऊन थांबला.

"आमले चालाव नही आते ते, कौतिक," नाना म्हणाले. "आज पुनव शे. तू खाई ले. मी पानी आनस."

कौतिकराव भिंतीकडे तोंड करून खायला लागले. पोळी कोरडी झाली होती. नाना गडवा घेऊन शेजारी उभे राहिले, आणि घास अडकला की पाणी देत राहिले.